आप्पांनी रुंद केलेली फट

एकदा एक म्हातारा तपासनीस होता, त्याची एक शिष्या होती, आणि त्या शिष्येच्या मागे समुद्रकाठचं एक घर होतं. तपासनिसाचं नाव पुरुषोत्तम; गाव त्यांना आप्पा म्हणे. शिष्येचं नाव दर्शना. घरात दर्शनाचा थोरला भाऊ दिगंबर आणि त्याची बायको रेणुका. कथा एवढ्यांचीच. बाकीचे येतील, आपलं बोलतील आणि जातील.

आप्पा तपासत काय, ते आधी सांगायला हवं. कुणी सोनं तपासतो, कुणी दूध तपासतो. आप्पा संगणकाचा गाभा तपासत. प्रत्येक संगणकाच्या पोटात एक गाभा असतो, जाणते त्याला कर्नल म्हणतात. आपल्याला स्क्रीनवर दिसतं ती नुसती ओसरी. गाभा म्हणजे माजघर. मेमरीतली जागा कुणाला द्यायची, कुणाकडून काढून घ्यायची, बाहेरून आलेला निरोप कुणाच्या हाती द्यायचा, हे सगळं तिथे ठरतं. ओसरीवर कुणी चुकलं तर एक काम नासतं. माजघरात चुकलं तर घर बसतं. ह्या गाभ्याचा कोड जगभरातली माणसं मिळून लिहितात, आणि एकानं लिहिलेलं दुसऱ्या जाणत्याच्या डोळ्यांखालून गेल्याशिवाय आत शिरत नाही. त्यातही निरोपांची ने-आण करणारा जो नेटवर्कचा भाग, तो आप्पांचा. टेकडीवरच्या घराच्या पडवीत बसून ते लोकांचे पॅच, म्हणजे कोडात सुचवलेले बदल, वाचत आणि होय की नाही ते कळवत. नाही जास्त वेळा.

त्यांची वाचायची रीत उलटी होती. लोक पहिल्या ओळीपासून वाचतात. आप्पा आधी शेवट हुडकत. घेतलेली जागा परत कुठे केली, उघडलेलं कुठे मिटलं, अर्ध्यावर बिनसलं तर मागचं कोण आवरतं, हे आधी बघत आणि मग वरती येत. ते म्हणत, बारशाला गर्दी असते गो, तेराव्याला कोण उभं राहतं ते बघावं.

दर्शना कॉलेज संपवून त्यांच्याकडे शिकायला जाऊ लागली ती घरच्या धंद्यासाठी. दिगंबर पेट्या बनवी. जेटीवरच्या खांबाला लावायची पेटी, आणि होडीवर लावायचं तिचं लहान भावंड. होडी टप्प्यात आली की पेटीशी जोडली जाई, टप्प्याबाहेर गेली की तुटे. कुठल्या होडीच्या वाटेवर वारा चढतोय, कुणी माघारी फिरायचं, कुणाला बर्फ हवाय, सगळे निरोप त्या पेटीतून जात. पेटीच्या तारा आणि डबा दिगंबराच्या हातचा. गाभ्यातला होड्यांचे निरोप सांभाळणारा कोड दर्शनाचा. आणि जेटीवर जाऊन लोकांची गाऱ्हाणी ऐकून घ्यायची, ते काम रेणुकेचं. तिघांचं नाव एकाच डब्यात कोंडलेलं होतं म्हणा ना.

गेल्या हंगामाच्या अखेरीस ते नाव बुडायला आलं. समुद्रावर वारा फिरला. मच्छीमार सोसायटीनं पेटीतून रेणुकेच्या भावाच्या होडीला निरोप धाडला, की तुझ्या वाटेवर वारा चढतोय, माघारी ये. तो निरोप त्याला मिळालाच नाही. मिळाला भलत्याच होडीला, जी खाडीच्या तोंडाशीच उभी होती. ती माणसं गोंधळली, हसली आणि घरी आली. रेणुकेचा भाऊ मात्र वाऱ्यात सापडला, सुकाणू मोडून वाहत गेला आणि कुठल्या परक्या बंदराला लागला. माणसं वाचली ही देवाची कृपा. पण तो परतेपर्यंत त्याच्या बायकोनं जे सोसलं ते तिनं विसरायचं नाही असं ठरवलं. तिनं नणंदेशी बोलणं टाकलं. रेणुकेला माहेर होतं आणि नव्हतं, असं झालं.

जेटीवर तर बोलायला लोकांना निमित्तच मिळालं. रेणुका गेली की कुणीतरी जाळं विणता विणता, मान वर न करता म्हणे, "वहिनी, तुमची पेटी म्हणजे गावची सासू. एकाचा निरोप दुसऱ्याक सांगता." सगळे हसत. तीही हसे. घरी येऊन मात्र ती ताटावरून उठे.

सोसायटीचे चेअरमन खोबरेकर भला माणूस. त्यांनी पेट्या उतरवल्या, पण फेकल्या नाहीत. दिगंबराला बोलावून सांगितलं की नारळी पौर्णिमेला होड्या पुन्हा बाहेर पडतील, तोवर रोग काढा. रोग गेला असं तुम्ही म्हणून चालायचं नाही, टेकडीवरच्या आप्पांनी म्हटलं पाहिजे. नाहीतर शहरातल्या कंपनीची पेटी आणावी लागेल. दिगंबर घरी आला आणि बहिणीला एवढंच म्हणाला की आता तुझ्या बोटांवर आहे.

आता हा रोग म्हणजे मोठा लबाड. चारचौघांत दिसायचा नाही. पेटी दिवसचे दिवस सरळ चाले, आणि मग कधीतरी एका होडीचा निरोप दुसरीला देई, किंवा आपणच ठप्प होई. दर्शनानं घरात पेटी मांडली, खोट्या होड्या जोडल्या, तोडल्या, पुन्हा जोडल्या. एकदा रोग दिसला. ती धावत पुढे होईतो गेला. तेव्हा तिनं त्या धंद्यातली माणसं करतात तेच केलं. पेटीला बोलायला लावलं. कोडमध्ये जागोजागी ओळी घातल्या, की मी आता दाराशी आले, मी जोडलेल्या होड्यांची यादी बघितली, मी आत जाते आहे. म्हणजे रोग आला की शेवटचा शब्द कुठला होता ते कळेल. त्याच वेळी तिनं एक खबरदारीही घेतली: निरोप देण्याआधी होडीचं नाव यादीत आहे ना, हे एकदा बघायचं, आणि नसलं तर निरोप बाजूला ठेवायचा.

आणि रोग गेला. नुसता लपला नाही, गेलाच. पेटी बोलत राहिली आणि चुकायची थांबली. पाऊस लागल्यापासून दर्शनानं तिला चालवलं, छळलं, पेटीनं एक निरोप इकडचा तिकडे केला नाही. दिगंबरानं पेट्यांना नवा रंग दिला. रेणुकेनं फार दिवसांनी केसात अबोली माळली. दर्शनानं आपला पॅच आप्पांकडे धाडला आणि होकाराची वाट बघत बसली.

होकार आला नाही. निरोप आला, की पेटी घेऊन या.

दिगंबर आणि दर्शना पेटी घेऊन टेकडी चढले. आप्पांनी दोघांना कोकमाचं सरबत दिलं, पडवीत पेटी मांडून घेतली आणि दर्शनाला विचारलं की रोग कुठल्या ओळीनं गेला. तिनं आपली खबरदारीची ओळ दाखवली. आप्पांनी ती वाचली, मग शेवटाकडे गेले, होडी तुटल्यावर तिची जागा मोडतात तिथपर्यंत, आणि तिथे बराच वेळ राहिले. मग म्हणाले की तुझ्या बोलक्या ओळी आता काढ. दर्शना म्हणाली की त्या निरुपद्रवी आहेत, राहू देत की. आप्पांनी वाद घातला नाही. त्यांनी कीबोर्ड आपल्याकडे ओढला आणि स्वतःची एक ओळ घातली. कुठे? तर नाव यादीत आहे असं बघून झालं, आणि आता निरोप द्यायला निघायचं, त्या दोहोंच्या मध्ये. ओळीचा अर्थ एवढाच, की इथे थोडं थांब.

मग त्यांनी खोट्या होड्या सोडल्या. हातातलं सरबत संपलं नव्हतं तोच पेटीनं एकीचा निरोप दुसरीला दिला. मग तिसरीचा चौथीला. मग ती ठप्प झाली.

दिगंबराचा चेहरा रंग उडाल्यासारखा झाला. ज्या पेटीनं पाऊस लागल्यापासून मान खाली घालू दिली नव्हती ती एका म्हाताऱ्याच्या एका ओळीनं कोसळली होती. त्यानं आवाज चढवला नाही, पण बोलला ते टोचेल असं. "आप्पा, चालत्या गाडीच्या चाकात काठी घातली तर गाडी पडणारच. ह्याला तपासणं म्हणत असतील तर मोडणं कशाला म्हणतात?"

आप्पांनी त्याच्याकडे बघितलंही नाही. दर्शनाला म्हणाले, "ही माझी ओळ काढायची नाही. ही आत असताना पेटी चालेल तेव्हा ये." आणि पेले उचलून आत गेले.

उतरताना दिगंबर वाटभर बोलत होता. म्हाताऱ्याला आपलं महत्त्व राखायचंय, त्याला समुद्रात जायचं नाही, कुणाच्या चुलीशी त्याला देणंघेणं नाही. दर्शनालाही राग आला होता, पण रागाच्या तळाशी दुसरंच काही टोचत होतं. आपल्या ओळींनी रोग गेला असेल, तर एका थांबण्यानं तो परत आला कसा? गेलेला असता तर कुणी कितीही थांबलं तरी यायला नको होता.

पौर्णिमा जवळ आली. खोबरेकर स्वतः घरी आले, चहा घेतला आणि हळूच म्हणाले की आपण पेटी डोळ्यांनी बघितली आहे, छान चालते. आप्पांचं वय झालंय. त्यांची ती ओळ काढून पेट्या आणा, मी लावून घेतो, शहरातल्या पेटीपेक्षा आपली माणसं बरी. ह्याहून गोड बोलणं त्या घरानं वर्षभरात ऐकलं नव्हतं. ते गेले आणि दिगंबर उठलाच. पेट्या टेंपोत चढवू लागला. दर्शना आडवी गेली, म्हणाली की मला अजून कळलेलं नाही, मला कळेपर्यंत ह्या जायच्या नाहीत. तो म्हणाला की तुला कळायला जन्म जाईल, आणि तोवर जेटीवर दुसऱ्याची पेटी टांगलेली असेल. बहीणभाऊ अंगणात उभ्याउभ्या भांडले, शेजारच्या बायका कुंपणाशी आल्या.

शेवटी रेणुका बाहेर आली. तिनं कुणाची बाजू घेतली नाही. टेंपोतली एक पेटी उचलून पडवीत आणून ठेवली. मग म्हणाली, "खोबरेकरांनी पेटी चालताना बघितली. माझ्या भावानं चुकताना बघितली. मी माझ्या भावाचं ऐकणार."

जी बाई रोज टोमणे झेलून येत होती, तिनंच थांबा म्हटलं होतं. दिगंबरानं उरलेल्या पेट्या एकेक करून उतरवल्या. त्याच्या मनातला राग गेला नव्हता, पण हात मुकाट चालले.

दर्शना कामाला बसली. तिनं ठरवलं की आप्पांची ओळ आहे तिथेच ठेवायची आणि तिच्याशी झुंजायचं. पहिला उपाय तिला सोपा दिसला. यादीच्या दाराला एक कडी होती, लॉक म्हणतात तिला. एकानं कडी लावली की दुसऱ्यानं बाहेर थांबायचं. नाव बघण्यापुरती ती कडी लागे आणि निघे. दर्शनानं ती काढलीच नाही. नाव बघण्यापासून निरोप पोचेपर्यंत लावून ठेवली. आप्पांची ओळ आत असतानाही चूक थांबली. तिला आनंद झाला, पण तो टिकला नाही. एक निरोप पोचेपर्यंत बाकीचे सगळे दाराबाहेर ताटकळत. थोड्या होड्यांना पेटी पुरे; बंदरातल्या सगळ्या होड्या एकदम जोडल्या की निरोप साचत जात. वारा चढल्यावर माघारी फिर असं सांगायचं आणि ते वारा ओसरल्यावर पोचायचं, ह्याला निरोप कोण म्हणेल?

ती एकटीच टेकडी चढली आणि आपण हरलो असं न म्हणता जे झालं ते सांगितलं. तिनं विचारलं, की आप्पा, फट बुजवली तर रस्ता बंद होतो, आणि रस्ता उघडला तर फट पडते. मी करू काय?

तेव्हा आप्पा बोलले.

"तुला वाटतं ती फट मी पाडली. दिगंबरालाही तसंच वाटतं. मी पाडली नाही, ती होतीच. मी ती नुसती रुंद केली, तुझा डोळा आत जाईल एवढी. पेटीला चार हात आहेत आणि चारही एकाच वेळी चालतात. एक हात यादीत नाव बघतो आणि निरोप घेऊन त्या होडीच्या खोलीकडे, म्हणजे मेमरीतल्या तिच्या जागेकडे, निघतो. तेवढ्यात दुसरं काही काम आलं, तर मध्येच थबकतो. मी सांगितलं म्हणून नव्हे, एरवीही थबकतो. त्याच क्षणी दुसऱ्या हाताला कळतं की होडी तुटली. तो खोली मोडतो आणि ती जागा नव्या होडीला देऊन टाकतो. पहिला हात पोचतो, दार ओळखीचं, आत माणूस भलताच. तू नाव बघण्याची ओळ घातलीस, पण नाव बघणं आणि आत जाणं ह्यांच्यामध्ये जग हललं, ते कुणी बघायचं? आणि तुझ्या त्या बोलक्या ओळी. त्यांनी रोग बरा केला नाही. एका हाताला बोलण्यात गुंतवलं, म्हणून त्याची दुसऱ्याशी गाठ पडेना. भेट टळली, वैर मिटलं नाही. दर्शना, जे क्वचित घडतं ते लहान असतं असं समजू नये. ते फक्त आपल्याला सोयीचं असतं."

मग आप्पांनी तिला एकच प्रश्न विचारला, की खोली मोडायचा हक्क कुणाचा?

ती म्हणाली, होडी गेली हे ज्याला कळलं त्याचा.

"त्याला होडी गेल्याचं कळलंय," आप्पा म्हणाले, "आत कुणी आहे की नाही हे कुठे कळलंय?"

एवढ्यावर ती उठली. चप्पल घालतानाच तिच्या मनात पुढचं मांडलं जात होतं. आत्तापर्यंत ती दार कसं सांभाळावं ह्याच्याच मागे होती. खोली कुणाची आहे हे तिनं कधी विचारलंच नव्हतं.

घरी येऊन तिनं ते सगळं नव्यानं बांधलं. कडी लागलेली असतानाच, नाव दिसताक्षणी, निरोप नेणाऱ्या हातानं त्या खोलीच्या नावावर आपली खूण करायची: मी आत जातोय, माझा एक धरा. मग कडी काढायची, दुसऱ्यांना वाट द्यायची आणि आपल्या पायरीनं जायचं; थांबायचं तर थांबायचं. निरोप दिला की आपली खूण पुसायची. होडी तुटली तर ज्याला कळेल त्यानं एवढंच करायचं, की तिचं नाव यादीतून काढायचं, म्हणजे नवं कुणी आत जाणार नाही. खोली त्यानं मोडायची नाही. ज्याची खूण शेवटची, पुसून झाल्यावर मागे कुणीच उरलेलं नाही, त्यानं मोडायची. मग तो कुणीही असो.

सांगायला हे अंगणातल्या रांगोळीएवढं. करताना तिचे डोळे शिणले. एकदा खूण करायची जागा चुकली, कडी काढून झाल्यावर केली, आणि आप्पांच्या ओळीनं तिला लगेच पकडलं. दिगंबर पहिले काही दिवस वाकडाच होता. मग एका सकाळी तो तिच्याशेजारी येऊन बसला, खोट्या होड्या जोडायचं आणि तोडायचं काम त्यानं स्वतःकडे घेतलं, आणि म्हणाला की मी तोडतो, तू बघ. मला समुद्रात होड्या कशा तुटतात ते माहीत आहे, सगळ्या एकदमच तुटतात. तशाच तो मुद्दाम एकदम तोडी. पेटी उभी राहिली. आप्पांची ओळ पोटात घेऊन उभी राहिली आणि रस्ताही मोकळा राहिला.

ती पुन्हा टेकडी चढली, ह्या वेळी बहीणभाऊ दोघं गेली. आप्पा नेहमीसारखे शेवटाकडून वाचू लागले. वाचता वाचता थांबले आणि बोट ठेवलं. होडी जोडली जात असताना अर्ध्यावरच बिनसलं, तर दर्शनाचा कोड तिथूनच माघारी फिरत होता, आणि केलेली खूण पुसायची राहत होती. ती खोली मग कधीच मोडायची नाही. अशा खोल्या साठत जाऊन एके दिवशी पेटीत पाय ठेवायला जागा उरायची नाही. "धरायला शिकलीस," आप्पा म्हणाले, "एका वाटेवर सोडायला विसरलीस." दिगंबर हे ऐकून मागच्यासारखा तापला नाही. त्यानंच विचारलं, आप्पा, अशा आणखी वाटा आहेत का? आप्पांनी पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट बघितलं आणि खुर्ची सरकवून त्याला शेजारी बसवून घेतलं.

राहिलेली वाट दर्शनानं तिथेच पडवीत बसून दुरुस्त केली. मग आप्पांनी आपली थांबण्याची ओळ आणखी लांबवली, पेटी चालली. आणखी लांबवली, चालली. दिगंबरानं होड्या एकदम तोडल्या, एकदम जोडल्या, चालली. तेव्हा आप्पांनी आपल्याच हातानं ती ओळ पुसून टाकली, आणि दर्शनाच्या पॅचखाली लिहिलं की मी हे तपासलं आहे, आणि आपलं नाव घातलं. त्या नावाचं मोल बाहेरच्यांना कळत नाही. पुढे ते चुकलं तर दोष लिहिणाऱ्याइतकाच त्या नावावर येतो, म्हणून ते स्वस्तात मिळत नाही.

नारळी पौर्णिमेच्या आधी पेट्या खांबांवर चढल्या. सोसायटीनं प्रत्येक होडीवर पेटीचं लहान भावंड बसवलं. रेणुकेच्या भावानं घ्यायचं की नाही ह्यावर घरात भांडण झालं म्हणे. शेवटी सोसायटीचा नियम म्हणून घेतलं. समुद्राला नारळ गेला, होड्या बाहेर पडल्या.

पौर्णिमेनंतर थोड्याच दिवसांनी भर दुपारी आभाळ फिरलं. बाहेर गेलेल्या सगळ्या होड्या एकाच वेळी टप्प्यात शिरू लागल्या, आणि लाटांवर वरखाली होत जोडल्या जात होत्या, तुटत होत्या, पुन्हा जोडल्या जात होत्या. पेटीनं असा प्रसंग आजवर बघितला नव्हता; घरात दिगंबरानं मांडलेला सोडून. रेणुका जेटीवर उभी होती. कुणाला खाडीत घे असा निरोप होता, कुणाला उत्तरेच्या बंदराला लाग असा, कुणाला आहेस तिथेच नांगर टाक असा. एकाचा दुसऱ्याला गेला असता तर होडी खडकावर गेली असती. एकही गेला नाही. रेणुकेच्या भावाला माघारी फिरण्याचा निरोप होता, तो त्याच्याच होडीवर वाजला. तो फिरला आणि उजेडातच खाडीत शिरला. बाकीच्या होड्या ज्याला जे सांगितलं होतं तिथे सुखरूप लागल्या. जाळं विणणाऱ्या त्या माणसानं रेणुकेकडे बघून आपल्या टोपलीतली चांगलीशी सुरमई काढून तिच्या हातात ठेवली.

पुढे शेजारच्या बंदरांची माणसं दिगंबराचं घर विचारत आली. एका बंदराची पेटी झाली, मग दुसऱ्याची, मग खाडीपलीकडच्यांची. पडवीला कामाची खोली जोडावी लागली. दर्शनाकडे परदेशातले लोक आपला कोड बघायला धाडू लागले, आणि ती तो शेवटाकडून वाचू लागली. आणि गौरीच्या सणाला माहेरवाशिणीला न्यायला रेणुकेची भावजय स्वतः आली. उंबऱ्यात थोडी अडखळली, मग आत येऊन स्वयंपाकघरात नणंदेशेजारी बसली आणि तिच्या पुढ्यातली विळी घेऊन भाजी चिरू लागली. मग एकदम दोघीही बोलू लागल्या.

असं त्या घराचं गेलेलं नाव परत आलं, दुप्पट होऊन आलं, आणि घराला धनाची, माणसांची, माहेरची बरकत लागली. ज्यांनी ऐकलं त्यांच्याही घराला ती लागो.